बालपण कोण ठरवतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजशास्त्राचे विद्यार्थी, शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि पालक यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. बालपण ‘समाजानं घडवलेलं’ असतं म्हणजे काय? मूल तर निसर्गतःच लहान असतं ना?

असतंच. त्याला भरवावं लागतं, दुधाचे दात पडतात, पुढे ते वयात येतं. यातलं काहीच समाजानं घडवलेलं नाही. पण हे लहानपण किती वर्षं मोजायचं, त्या वर्षांत मुलानं काय करायचं आणि त्याला काय करू द्यायचं नाही, हे समाज ठरवतो. सात वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दिवसभर सांभाळते. एका वस्तीत तिला ‘शहाणी पोर’ म्हणतात. दुसऱ्या वस्तीत तेच पाहून शेजारी १०९८ ला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या क्रमांकाला, फोन लावतात. मुलगी दोन्हीकडे सातच वर्षांची. ॲलिसन जेम्स आणि ॲलन प्राउट या ब्रिटिश अभ्यासकांनी १९९० मध्ये हे नेमकेपणानं मांडलं: मुलांचं अपरिपक्व असणं जैविक आहे, पण त्याचा अर्थ प्रत्येक संस्कृती आपापल्या परीनं लावते.

२. मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो म्हणतात. मग सीमा विज्ञानानंच आखली की!

मेंदूची घडण विशीतही चालू असते हे खरं, पण ती हळूहळू होते आणि कायद्याला एक ठरावीक तारीख लागते. ती तारीख कुठे टाकायची हे विज्ञान सांगत नाही. आपल्याकडे मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं ते १९८८ च्या ६१व्या घटनादुरुस्तीनं. त्या वर्षी देशातल्या तरुणांचे मेंदू काही तीन वर्षं आधी पिकले नव्हते.

३. मग बालपण खोटं आहे असं म्हणायचं का?

नाही. रविवारची सुट्टीही माणसांनीच ठरवली. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० मध्ये मिळाली. म्हणून ती खोटी आहे असं कुणी म्हणत नाही, उलट कुणी काढून घेतली तर भांडण होईल. घडवलेली गोष्ट खरीच असते. फक्त ती कुणी, कधी आणि कुणाच्या सोयीनं घडवली, हे विचारता येतं.

४. ‘मध्ययुगात बालपण नव्हतं’ हे फिलिप आरिएस यांचं विधान बरोबर आहे का? परीक्षेत दरवर्षी येतं.

अर्धं बरोबर, आणि उत्तरपत्रिकांत हमखास वाकडं लिहिलं जातं. आरिएस या फ्रेंच इतिहासकारानं १९६० मध्ये मांडलेलं म्हणणं असं: युरोपच्या मध्ययुगात मूल सततच्या सांभाळाशिवाय राहू लागलं की, म्हणजे साधारण सातव्या वर्षापासून, मोठ्यांच्या जगात मिसळून जाई. कपडे तेच, खेळ तेच, कामही तेच. बालपण हा वेगळा टप्पा आहे ही जाणीव नंतर आली, आधी वरच्या वर्गांत आणि मुख्यतः शाळेच्या वाटेनं.

त्यांनी चित्रांवर फार भिस्त ठेवली, ही टीका रास्त आहे. चित्रात मूल बुटक्या प्रौढासारखं दिसतं त्याला चित्रकलेचे संकेतही कारण असू शकतात. लिंडा पोलॉक यांनी १९८३ मध्ये शेकडो जुन्या रोजनिश्या आणि आत्मचरित्रं तपासून दाखवलं, की मुलाच्या तापानं कासावीस होणारे आईबाप सोळाव्या शतकातही होते. पण ‘पूर्वी मुलांवर माया नव्हती’ असं आरिएस म्हणालेच नव्हते. माया वेगळी आणि बालपणाची जाणीव वेगळी, हे त्यांनी स्वतःच बजावून ठेवलं आहे.

आपल्याकडे पाहा. कृष्णाच्या बाळलीलांच्या गवळणी शतकानुशतकं गायल्या गेल्या, आणि त्या ऐकणाऱ्या कुणब्याचं पोर सातव्या-आठव्या वर्षी गुरांमागे जात होतं. माया भरपूर होती. दप्तर घेऊन शाळेत जाणारं, काम न करणारं बालपण मात्र नव्हतं.

५. आपल्या ग्रंथांत तर बालपणाचे टप्पे आधीपासून सांगितलेत. मग ही कल्पना पाश्चात्त्य कशी?

टप्पे आहेत, पण कुणाचे ते बघा. पाच वर्षं लाड, पुढची दहा वर्षं धाक आणि सोळावं लागलं की मित्रासारखं वागवावं, हा चाणक्याच्या नावावरचा श्लोक फक्त मुलग्याबद्दल बोलतो. मुंजीचं वय ब्राह्मणाला आठ, क्षत्रियाला अकरा, वैश्याला बारा. शूद्राला ती नाहीच. मुलीसाठी पराशरस्मृती वेगळीच मोजणी देते: आठ वर्षांची गौरी, नवाची रोहिणी, दहाची कन्या, त्यानंतर रजस्वला. म्हणजे एकाच घरात आठव्या वर्षी मुलाचं शिक्षण सुरू होतं आणि मुलीच्या लग्नाची घाई.

दलित मुलाचं बालपण या चौकटीच्या बाहेरच होतं. डॉ. आंबेडकरांनी आपल्या शाळेच्या दिवसांबद्दल लिहिलं आहे, की वर्गात एका कोपऱ्यात वेगळं बसावं लागे आणि बसायचं गोणपाट रोज घरून आणून परत न्यावं लागे. शाळा होती, वय होतं, पण बाकीच्या मुलांचं होतं ते बालपण नव्हतं. त्यामुळे ‘भारतीय बालपण’ असं एकवचनात कुणी बोलू लागलं की मी आधी जात विचारतो आणि मग मुलगा की मुलगी ते.

६. या विषयात १८९१ चा संमतिवयाचा कायदा सारखा का येतो?

कारण मुलगी ‘मूल’ कधीपर्यंत, यावर महाराष्ट्रात पहिल्यांदाच उघड भांडण झालं ते तेव्हा. (संमतिवय म्हणजे शरीरसंबंधाला दिलेली संमती कायदा ज्या वयापासून मानतो ते वय.)

सुरुवात रखमाबाईंच्या खटल्यापासून धरा. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं, पण त्या नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये नवरा दादाजी भिकाजी मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अपिलानंतर, १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा असा निकाल दिला. ‘तुरुंग चालेल’ असं त्या म्हणाल्या. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन प्रकरण मिटलं आणि पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. त्यांचा मुद्दा साधा होता: ते लग्न मला कळत नव्हतं तेव्हा लावलं, त्याचं ओझं आता माझ्यावर का? लहान वयात दिलेली संमती ही संमती असते का, हा प्रश्न एका सुतार समाजातल्या मुलीनं न्यायालयात उभा केला. एकट्या त्या कारणासाठी मी हा खटला कोणत्याही युरोपियन सिद्धांताच्या आधी शिकवतो.

१८९० मध्ये बंगालमध्ये फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधानं मेली. तिचं वय दहाच्या वर असल्यानं तो कायद्यानं बलात्कार ठरला नाही. त्यानंतर १८९१ मध्ये संमतिवय १० वरून १२ झालं. टिळकांनी परक्या सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला, आगरकर कायद्याच्या बाजूनं उभे राहिले, भांडारकरांनी शास्त्रातूनच सुधारणेला आधार काढून दाखवला. वाद मात्र गर्भाधान विधी, धर्म आणि सरकारचा अधिकार यांभोवतीच बहुतेक फिरला. मुलीला काय वाटतं, हा कळीचा मुद्दा झालाच नाही.

पुढे सीमा सरकत गेली. लग्नाचं किमान वय मुलींसाठी १९२९ च्या सारडा कायद्यानं १४, १९४९ मध्ये १५, १९७८ मध्ये १८. अवघ्या ४९ वर्षांत चार वर्षांचं बालपण कायद्यानं वाढवलं.

७. शाळेनं बालपण घडवलं असं म्हणतात. ते कसं?

दोन कायदे शेजारी ठेवले की दिसतं. १८८१ च्या कारखाना कायद्यानं सात वर्षांखालच्या मुलांना गिरणीत बंदी केली आणि सात ते बारा वयाच्यांना दिवसाला नऊ तास ठरवले. १८९१ मध्ये किमान वय नऊ झालं, नऊ ते चौदाच्या मुलांना सात तास. म्हणजे १८९१ पर्यंत मुंबईच्या गिरणीत आठ वर्षांचं मूल कामगार आहे हे सरकारलाही मान्य होतं. सुधारणेमागे दयाच होती असंही नाही, हिंदी गिरण्या स्वस्त पडतात ही इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांची तक्रारही होती.

त्याच काळात, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, अशी मागणी केली. गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं, ते फेटाळलं गेलं. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्ती केली, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये. ‘सक्ती’ हा खरा बदल. मूल शेतावरून किंवा गिरणीतून काढून वर्गात बसवायचं म्हणजे घराची मिळकत तुटते, आणि तरी ते करायचं असं राज्य ठरवतं. वयानुसार इयत्ता लागल्या आणि ‘दहा वर्षांचा म्हणजे पाचवीतला’ अशी ओळख पक्की झाली. आज आपण अनोळखी मुलाला नावानंतर पहिला प्रश्न ‘कितवीत आहेस?’ हाच विचारतो.

८. ‘कमाईत शून्य, भावनेत अमूल्य’ मूल, ही भानगड काय आहे?

व्हिव्हियाना झेलायझर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंची ही मांडणी १९८५ ची. साधारण १८७० ते १९३० या काळात अमेरिकेत मूल घरखर्चाला हातभार लावणारं होतं ते फक्त खर्चाचं झालं, आणि नेमकं तेव्हाच त्याचं मोल भावनेत मोजायला लागले. पुरावे त्यांनी विम्याच्या आणि भरपाईच्या कागदांतून काढले. मूल अपघातात गेलं तर न्यायालय पूर्वी त्याची बुडालेली कमाई मोजत असे. नंतर कमाई नसतानाही भरपाई वाढत गेली.

आपल्याकडचं उदाहरण लता वाधवा खटल्याचं. मार्च १९८९ मध्ये जमशेदपूरला टाटा स्टीलच्या समारंभात आग लागून अनेक मुलं गेली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच ते दहा वयाच्या मुलामागे एकूण २ लाख आणि दहा ते पंधराच्या मुलामागे ४ लाख १० हजार रुपये धरले. फरक कशाचा? मोठी मुलं लवकरच कमावती झाली असती, कंपनीत कामगाराच्या मुलाला नोकरी देण्याची रीत होती, असा हिशेब. मूल अमूल्य झालं, तरी न्यायालयाच्या वहीतून कमाईचा रकाना गेलेला नाही.

९. ऊसतोड कामगारांच्या मुलांचं बालपण हिरावलं जातं असं म्हणावं की तेही एक बालपणच?

दोन्ही उत्तरं फसवी आहेत, म्हणून थोडं सविस्तर.

दसरा-दिवाळी झाली की बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर या भागांतून जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची. मुलं बरोबर जातात. पाच-सहा वर्षांचं मूल कोपीपाशी (झोपडीपाशी) तान्ह्याला राखतं, दहाचं पाणी आणतं, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करतं, तेराचं मोळ्या उचलतं. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिल उजाडतो.

‘हिरावलेलं बालपण’ म्हणताना आपण गृहीत धरतो की खरं बालपण एकच, पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधलं, आणि या पोरांकडे नुसती पोकळी. प्रत्यक्षात ती मुलं खेळतात, भांडतात, बैलांना नावं देतात, कारखान्याचं गाव पाठ करतात. त्यांना केवळ बळी ठरवलं की ती दिसेनाशी होतात. उलट टोकाला ‘काम हाच त्यांचा संस्कार’ असं कौतुक करणारे असतात, ते बहुधा स्वतःच्या मुलाला क्लासला सोडून आलेले असतात. त्यांच्याशी वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही.

समाजशास्त्राचा उपयोग वेगळा आहे. शाळेचं वर्ष जूनला सुरू होऊन एप्रिलला संपतं, गळीत हंगाम त्याच्या बरोब्बर मध्ये बसतो. शाळेनं धरलेलं कुटुंब एका जागी राहणारं आहे, तसं नसलेल्याचं मूल आपोआप ‘शाळाबाह्य’ होतं. साखरशाळा आणि गावातली हंगामी वसतिगृहं हे या तिढ्यावरचे उपाय. पहिल्यात शाळा मुलामागे जाते, दुसऱ्यात मूल आईबापाशिवाय राहतं. मुलीला गावी ठेवायची धास्ती आणि जोडी लागली की नवा कोयता होतो हा हिशेब, दोन्ही मिळून तिचं लग्न लवकर उरकलं जातं. म्हणजे हे बालपण परंपरेनं कमी आणि उचल, हंगाम, शाळेचं वेळापत्रक यांनी जास्त घडवलं आहे. तिन्ही गोष्टी बदलता येण्यासारख्या आहेत.

१०. कायद्यानं मूल नेमकं किती वर्षांपर्यंत? एक आकडा सांगा.

एक आकडा नाही. सज्ञान १८ व्या वर्षी, हे १८७५ पासून. सक्तीचं मोफत शिक्षण ६ ते १४. कामाच्या कायद्यात १४ खाली बालक, १४ ते १८ किशोर. गुन्ह्यात ७ खाली काहीच नाही, ७ ते १२ समज पाहून. लग्नाला मुलगी १८, मुलगा २१. रेल्वेत बाराव्या वर्षी पूर्ण तिकीट. २०२३ च्या डिजिटल विदा संरक्षण कायद्यात १८ खाली सगळेच बालक, म्हणजे बारावीच्या विद्यार्थ्याचीही माहिती वापरायला पालकांची परवानगी. प्रत्येक आकड्यामागे वेगळी भीती आहे. १४ ते १८ मधली मुलं मात्र शिक्षणहक्कातून सुटतात आणि बिनधोक्याच्या कामाला मोकळी राहतात.

११. माझा मुलगा शाळेनंतर दुकानात बसतो. ही बालमजुरी झाली का?

२०१६ च्या दुरुस्तीनं १४ खालच्या मुलांना सगळ्याच कामांत बंदी केली, पण शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या व्यवसायात मदत करायला सूट ठेवली. व्यवसाय धोकादायक नसावा. त्यामुळे तुमच्या दुकानापुरतं उत्तर ‘नाही’. या सवलतीवर टीकाही बरीच झाली. घरी विड्या वळणं, जरीकाम, गालिचे विणणं अशी कामं ‘घरच्या व्यवसाया’च्या नावाखाली लपतात, आणि पिढीजात धंदा हा बहुधा जातीचा धंदा असतो. मुलीनं स्वयंपाक, धुणी, भावंडं सांभाळणं तर सहसा कामात धरलंच जात नाही.

१२. १७ वर्षांच्या मुलीनं स्वतःहून प्रेम केलं तरी मुलावर पॉक्सो लागतो. हे पटत नाही.

२०१२ पर्यंत संमतिवय १६ होतं, पॉक्सोनं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानं, ते १८ केलं. त्याखाली संमती धरलीच जात नाही. घरच्यांना जातीबाहेरचं प्रेम मोडायचं असलं की हाच कायदा हाताशी येतो, असं अनेक न्यायालयांच्या नजरेस आलं आहे. २०२३ मध्ये विधी आयोगानं वय खाली आणू नये असं सांगितलं, पण १६ ते १८ च्या अशा प्रकरणांत न्यायाधीशाला शिक्षेबाबत काही मोकळीक सुचवली.

आता दुसरी बाजू बघा. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या बलात्कारानंतर २०१५ चा बालन्याय कायदा आला. त्यानुसार १६ ते १८ चा मुलगा अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढासारखा खटल्याला उभा राहू शकतो. म्हणजे सतरा वर्षांची मुलगी प्रेमाला लहान आणि सतरा वर्षांचा मुलगा शिक्षेला मोठा. दोन्ही कायद्यांचा हेतू मला समजतो, पण ते एकाच मुलाबद्दल बोलत आहेत असं वाटत नाही.

१३. बालपण प्रत्येक समाजाचं वेगळं, तर बालविवाह ही एखाद्याची संस्कृती म्हणून सोडून द्यायचा का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला सहसा वाद जिंकायचा असतो, तरी उत्तर देतो. एखादी रीत कशी घडली हे समजून घेणं म्हणजे तिला माफी देणं नव्हे. ‘ही आमची संस्कृती’ असं त्या संस्कृतीतला कोण म्हणतो तेही पाहावं. रखमाबाई (प्रश्न ६) त्याच संस्कृतीतल्या होत्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ आधी लग्न झालेल्या २०१५-१६ मध्ये २६.३ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये २१.९ टक्के. संस्कृती पाच वर्षांत एवढी बदलत नाही, परिस्थिती बदलते. गावात असं लग्न ठरत असेल तर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. आणि झालेलं लग्न ती मुलगी सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत रद्द करून मागू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

१४. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार सगळ्या जगावर एकच बालपण लादतो का?

काही प्रमाणात. १९८९ चा तो करार भारतानं १९९२ मध्ये स्वीकारला, पण बालमजुरीचं कलम टप्प्याटप्प्यानं लागू करू अशी अट घालून. अमेरिकेनं अजून मंजुरी दिलेली नाही. आफ्रिकी देशांनी १९९० मध्ये स्वतःची सनद केली आणि तीत मुलांच्या हक्कांबरोबर कुटुंबाप्रती कर्तव्यंही घातली. मला ती भर महत्त्वाची वाटते. भावंडं सांभाळणाऱ्या मुलीला ती निदान कुणीतरी मानते.

१५. या सगळ्यात मुलांचं स्वतःचं काही चालतं का?

चालतं, आणि १९९० नंतरच्या अभ्यासाचा भर त्यावरच आहे. विल्यम कोर्सारो या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी बालवाड्यांत मुलांमध्ये बसून दाखवलं, की मुलं मोठ्यांचे नियम नुसते गिळत नाहीत, आपापसांत फिरवून नवे करतात.

महाराष्ट्रात हे पुस्तकाआधी कामातून दिसलं. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, जोडीला बालविधवा म्हणून वाढलेल्या अनुताई वाघ. वारली मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं राखत आणि भावंडं सांभाळत. मग अंगणात भरणारी शाळा पाड्यावर गेली, धाकट्यांसाठी पाळणाघर शाळेलाच जोडलं, गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. मुलं येत नाहीत म्हणजे ती काहीतरी सांगत आहेत, असं धरून चाललेलं काम होतं ते. आजची अंगणवाडी १९७५ च्या सरकारी योजनेची, पण अंगणात भरणारी शाळा त्याआधी तिथे होती.

१६. मोबाईलमुळे बालपण संपत चाललंय का?

१९८२ मध्ये नील पोस्टमन हे अमेरिकी लेखक हेच टीव्हीबद्दल म्हणाले होते. मोठ्यांची गुपितं मुलांपासून लपत नाहीत, म्हणून दोन्हींतला फरक पुसतो, असा त्यांचा तर्क. प्रत्यक्षात सीमा पुसण्याऐवजी नवी आखली जाते: ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून १६ खालच्यांना समाजमाध्यमांवर खाती बंद केली. लँकेशायरच्या गिरणीमालकासारखा (प्रश्न ७) इथेही कुणाचा फायदा-तोटा आहे का, ते शोधणं अधिक कामाचं.

१७. मालिकेत काम करणारं मूल चालतं, मग हॉटेलात कप विसळणारं का नाही? आणि रील्समधलं?

कायद्यानं बालकलाकाराला सूट दिली आहे, सर्कस वगळून. २०१७ च्या नियमांनुसार दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय तीन तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांहून जास्त नाही, आणि कमाईचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून. कप विसळणाऱ्याला यातलं काहीच नाही, त्याचं काम सरसकट बंद. झेलायझर (प्रश्न ८) यांच्या भाषेत, पडद्यावरचं मूल त्याच्या गोडव्यासाठी पैसे मिळवतं, म्हणून आपल्याला ते काम वाटत नाही.

आईबाबांच्या चॅनलवर रोज दिसणारं तीन वर्षांचं मूल या नियमांत नीट बसत नाही. निर्माता घरातलाच, सेट म्हणजे स्वयंपाकघर, पाच तास मोजणार कोण? ‘घरचा व्यवसाय’ म्हणावा तर ती सूट शाळेनंतरच्या मदतीसाठी आहे (प्रश्न ११), आणि या मुलाची शाळा अजून सुरूच झालेली नाही.